जावईबापूंचे नखरे

१

सकाळी भाऊ छापखान्यात गेला की ताई ओटा आवरायची, हात धुवायची आणि शिवणाला बसण्याआधी कपाळाला आठ्या घालून त्याच्या खोलीत शिरायची. एका हातात रातकिड्यांचा डबा, दुसऱ्या हातात लांब चिमटा.

"उठा जावईबापू," ती म्हणायची. "पान वाढलंय."

जावईबापू म्हणजे भावाचा सरडा. कुंपणावर पळतो तो साधा नव्हे. रंग बदलणारा, शेपटीची गुंडाळी करणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. भावाच्या कॉटला लागून जाळीचा पिंजरा होता, त्यात कुंडीतलं झाड, आणि त्या झाडाच्या एकाच फांदीवर हे महाशय दिवसभर बसून. बसण्यात असा काही तोरा, की नाव सुचायला ताईला वेळच लागला नव्हता.

चिमट्यातला रातकिडा पाय झाडायचा. जावईबापू एक डोळा त्याच्याकडे वळवायचे, भाजी नासलीय का बघावं तसा, आणि परत फिरवायचे. दुसरा डोळा हलायचाच नाही. तो भावाच्या कॉटवर लागलेला असायचा, उशीकडे.

"अरे, तिकडे काय ठेवलंय? इथे बघ, इथे!"

हात अवघडून यायचा. एकदा रातकिडा निसटून तिच्या बाहीत शिरला, तेव्हा तिने असा थयथयाट केला की खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी आपटली. जावईबापू ढिम्म.

पडदे शिवून पोट भरणाऱ्या बाईला हे उपद्व्याप कोणी सांगितले होते? कोणीच नाही. पण सोडून द्यावं म्हटलं तर सोडवत नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

मधली काही वर्षं भाऊ घरात बसून होता. तेव्हा त्याला हाका मारून मारून ताईचा घसा बसायचा. नळ उघडा, पाणी वाहतंय, आणि हा नळासमोर मान तिरकी करून उभा. "अरे, किती हाका मारू?" म्हटलं की बोट ओठावर ठेवायचा. "श्श. एक मिनिट, ताई." ते मिनिट संपायचं नाही. त्याआधी असाच एकदा तो छापखान्यात कागद कापायच्या मशीनपुढे उभा राहिला. सगळे ओरडत होते, आणि पातं खाली आलं. करंगळीच्या टोकावर निभावलं. मग काम सुटलं, मग कानात कापसाचे बोळे, मग डॉक्टर, मग गोळ्या. गोळ्यांनी नुसती झोप यायची. आणि एक दिवस तो हा प्राणी घेऊन घरी आला, आणि का कोण जाणे, हळूहळू माणसात आला. बोळे गेले. हाकेला ओ आली. छापखान्याच्या मालकांनी त्याला परत त्याच मशीनवर घेतलं, म्हणाले, "एवढ्या वेळेला घेतो. पुन्हा ते बघायची माझ्यात ताकद नाही."

डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्या प्राण्याची तो काळजी घेतोय ना, तेच त्याचं औषध समजा. ती घेईनासा झाला तर मला लगेच कळवा."

आणि आता तो घेत नव्हता. डब्यातले रातकिडे डब्यातच मरत होते. विचारलं की "खातो गं तो" एवढंच. ताईला दुसरं काही सुचेना. प्राणी उपाशी मरणार, आणि प्राणी मेला की भाऊ परत नळासमोर उभा राहणार. यावेळी करंगळीवर भागेलच असं नाही.

२

"तीन गिऱ्हाइकांनी परत आणून दिला होता तो," दुकानदार म्हणाला.

पाळीव प्राण्यांचं दुकान. मागच्या खोलीत किड्यांचे डबे रचलेले, आणि एवढी किरकिर की ताईला ओरडून बोलावं लागत होतं.

"का परत केला?"

"खात नाही म्हणून. जिथे जाईल तिथे वाळून काटकी. तुमच्या भावाने काचेला तोंड लावलं आणि गडी एकदम जागा झाला. दोन्ही डोळे पुढे! मी म्हटलं, तूच ने बाबा."

"आणि आता माझ्या गळ्यात. काय करू सांगा. तोंडात कोंबू?"

"छे छे, असं नाही करायचं!" दुकानदाराने हातातला डबा खाली ठेवला. असल्या विषयात त्याला उत्साह फार. "हे बघा. एका डोळ्याने बघतोय तोवर ती नुसती चौकशी. दोन्ही डोळे एका जागी लागले की समजायचं, आता जीभ सुटणार. आणि नवीन किडा खायला लावायची एक रीत असते. आधी ज्याची सवय आहे ते बंद करायचं. एकदम बंद. भूक लागू द्यायची. मग नवीन दाखवायचं, जिवंत, हलतं. तरी ऐकलं नाही तर जुन्यात नवीन मिसळायचं. जुन्याच्या नादात नवीनही पोटात जातं."

"त्याला सवय कशाची आहे तेच तर कळत नाही."

"मग ते शोधा आधी," दुकानदार म्हणाला, आणि नाकतोडे, झुरळं, पिठातल्या अळ्या आणि रेशीमकिडे असे चार डबे तिच्यापुढे मांडून मोकळा झाला.

बसमध्ये मांडीवरची पिशवी सारखी कुरकुरत होती. शेजारच्या बाईने आधी पिशवीकडे बघितलं, मग ताईकडे, आणि पुढच्या थांब्यावर उठून उभी राहिली. ताईने खिडकीबाहेर तोंड केलं. या वयात हेच बाकी राहिलं होतं.

३

नाकतोडा दाखवला. नको. झुरळ दाखवलं. नको. अळ्या वाटीत घालून फांदीला टांगल्या, तर वाटीला पाठ. रेशीमकिडा कसा पांढरा, मऊ, लुसलुशीत; जावईबापूंनी एक डोळा त्याच्याकडे केला आणि मिटूनच घेतला.

"मिट. मिट बाबा. वाडगं घेऊन दारोदार फिरायची पाळी आणीन तुझ्यावर, मग कळेल."

पण एक गोष्ट तिला पटत नव्हती. उपाशी जनावर वाळायला हवं. हा चांगला गुबगुबीत होता. अंगावर तजेला, शेपूट भरलेली. आणि पिंजऱ्याच्या तळाशी रोज सकाळी त्याची घाण पडलेली असायची. न खाणाऱ्याच्या पोटातून येईल कुठून?

ती घाण कागदावर लोटताना एकदा तिला त्यात काहीतरी चमकलेलं दिसलं. केसाएवढं बारीक, काळं. तिने चिमट्याने उचलून उजेडात धरलं. पाय होता, कुठल्यातरी किड्याचा. नाकतोड्याचा नव्हता, झुरळाचाही नव्हता. तो जागोजागी वाकत होता. एवढे गुडघे कुठल्या किड्याला असतात, असा विचार तिच्या मनात आला, आणि तिने कागद चुरगाळून टाकून दिला. किड्यांच्या गुडघ्यांची चौकशी करत बसायला तिला सवड नव्हती; दुपारी हॉटेलचे पडदे द्यायचे होते.

दोनतीन दिवसांनी ती भावाच्या अंथरुणाची चादर बदलत होती. पाणी फवारायला म्हणून पिंजऱ्याचं दार उघडलं होतं, ते तसंच राहिलं. तिने उशी उचलली, आणि सहज वर बघितलं तर जावईबापूंचे दोन्ही डोळे पुढे आलेले. उशीवर लागलेले. ताई होती तशी थांबली, उशीकडे बघत.

चट्ट आवाज झाला. जीभ केव्हा सुटली ते दिसलंच नाही. भावाचं डोकं टेकून उशीला जो खळगा पडला होता, त्यात काहीतरी टेकल्यासारखं झालं आणि गेलं. जावईबापू तोंड चालवत होते. कुर्रम, कुर्रम, असा स्वच्छ आवाज येत होता.

तिने उशी उलटीसुलटी केली, झटकली, अभ्रा काढून खिडकीशी नेऊन बघितला. डाळीच्या दाण्याएवढा एक ओला डाग. बाकी काही नाही. काही नव्हतंच तिथे. तिने उशीवर डोळे लावले होते, डोळ्यांदेखत तिथे काही नव्हतं. मग त्याच्या दाढेखाली काय वाजत होतं?

मानेवरून काटा येऊन गेला. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"ढेकूण!" ती मोठ्याने म्हणाली.

तिच्या घरात ढेकूण! संताप आला तसं तिला एकदम बरं वाटलं. बारीक असणार, पांढऱ्यावर दिसले नसणार. म्हणून हा त्या उशीकडे टक लावून बसतो. म्हणून पोट भरलेलं. मी मेली चार-चार डबे वाहून आणतेय आणि हे इथे ढेकणांवर ताव मारतायत!

गादी गच्चीत गेली, उशी गेली, चादरी उकळत्या पाण्यात गेल्या. ढेकूण एकही सापडला नाही, पण ते लपण्यात पटाईतच असतात. आणि दुकानदाराचे शब्द तिच्या लक्षात होतेच. ज्याची सवय आहे ते आधी बंद. तिने पिंजरा उचलला आणि पुढच्या खोलीत, शिवणाच्या मशीनजवळच्या खिडकीत नेऊन ठेवला.

४

"ताई, तो तिथेच बरा होता."

भाऊ दारात उभा होता, कामावरून आलेला, हाताला शाई.

"तिथे काय खात होता माहितीये तुला? ढेकूण!"

"ढेकूण नाहीत ते."

"मग काय आहे?"

तो कानाची पाळी चोळत राहिला. लहानपणापासूनची सवय, खोटं बोलताना नव्हे, खरं सांगायचं की नाही हे ठरत नसताना.

"मला नाही माहीत. मी आडवा होताना डोकं त्याच्याजवळ नेतो. तो काहीतरी टिपतो. मग मला शांत वाटतं. एवढंच कळतं मला."

"म्हणजे उवा?"

तो हसला. "तसं समज."

"दाखव डोकं."

"ताई!"

तिने त्याला स्टुलावर बसवून दिव्याखाली डोकं बघितलंच. उवा नव्हत्या. कानामागे, केस संपतात तिथे, टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके होते, एका ओळीत. ढेकूणच चावलेत, आणखी काय!

"त्याच्या खाण्यात तू नको पडूस," भाऊ म्हणाला. हळूच म्हणाला, पण म्हणाला.

"मी नको? मग कोणी पडायचं? तू बघतोस का त्याच्याकडे? जनावराला नीट, चार तऱ्हेचं खायला लागतं. दुकानदार सांगतो, डॉक्टर सांगतात, आणि तू मला शिकव!" डॉक्टरांनी खरं तर यातलं काही सांगितलं नव्हतं. "थोडे दिवस फक्त. लागलं तोंडाला की नेऊन ठेव परत तुझ्या उशाशी, हवं तर कुशीत घे."

आई गेल्यापासून तिनेच त्याला मोठा केला होता. शाळेत कुठे बसायचं, काय शिकायचं, कुठल्या डॉक्टरकडे जायचं, सगळं तिने ठरवलेलं. त्याला तिचं मोडायची सवयच नव्हती. तो पिंजऱ्याजवळ गेला, जाळीवर बोट फिरवलं, आणि जेवायला बसला.

५

पहिले काही दिवस जावईबापू करपलेल्या तव्यासारखे काळे पडून बसले. ताईने त्यांना पाणी दाखवलं, खायला मात्र काही नाही. मशीन चालवता चालवता ती त्यांच्याशी भांडत होती.

"फुगा. अजून फुगा. मी पण याच घरची आहे."

दोन्ही डोळे भावाच्या बंद दाराकडे. तो प्राणी फांदी सोडून जाळीला येऊन लटकायचा, त्या दाराच्या बाजूच्या जाळीला, आणि तिथेच दिवस काढायचा. आता खरंच वाळायला लागला. पण रीत म्हणजे रीत. ती डगमगली नाही.

आणि एका दुपारी, गिऱ्हाईक बाई पडद्याचा कपडा पसंत करत उभी असताना, ताईने पिंजऱ्यात सोडलेला हिरवा नाकतोडा जाळीवरून एक उडी मारून थांबला. एक डोळा वळला. मग, जडपणे, दुसरा. चट्ट!

"खाल्लं!" ताई अशी किंचाळली की बाईच्या हातातला कपडा पडला. "खाल्लं मेल्याने! बघितलंत तुम्ही? खाल्लं!"

बाई कपडा न घेताच गेली. जाऊ दे. त्याच संध्याकाळी दुसरा नाकतोडा गेला, दुसऱ्या दिवशी झुरळ, मग अळ्या, मग रेशीमकिडे. एकदा तोंड उघडलं ते मिटेचना. रंग असा हिरवागार आला की येणारीजाणारी गिऱ्हाइकं कौतुक करायला लागली, आणि ताई दर वेळी सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायची.

तिने छापखान्यात फोन लावला.

"अरे, खाल्लं! सगळं खातोय!"

मागे मशीनचं पातं धाडधाड पडत होतं.

"ऐकतोयस ना?"

"हं?" भाऊ म्हणाला. "काय म्हणालीस? परत सांग."

६

रविवारी पानं घेऊन ती केव्हाची बसली होती.

"अरे, ये ना! निवतंय सगळं. किती हाका मारू?"

शेवटी वैतागून उठली. भाऊ खोलीत कपाटासमोर उभा होता. एक दार उघडं, हातात शर्ट, मान जराशी तिरकी. चेहरा कसा छान होता, गोष्ट रंगात आलेल्या पोरासारखा.

"श्श," तो म्हणाला. "एक मिनिट, ताई."

तिने शर्ट काढून घेतला, त्याला ओढत आणून पानावर बसवलं, आणि तोंडाने अखंड बडबड करत राहिली, म्हणजे घरात शांतता पडू नये.

तो सोमवारी मशीनवर गेला, कारण तिने "आज राहू दे" म्हणायच्या आत तो निघून गेला होता. दुपारी मालकांचा फोन आला. "मी हात धरला म्हणून. मी तिथून चाललो होतो म्हणून, ताई. पूर्ण पंजा होता खाली. त्याला घरी ठेवा. बरा झाला तर बघू."

डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या.

संध्याकाळ व्हायची होती. भाऊ कॉटवर बसला होता, कानात कापसाचे बोळे. ताईने ते काढले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि तो लहान असताना करायची तसे केसांतून हात फिरवत राहिली. कानामागचे ठिपके आता केसांत वरपर्यंत गेले होते.

"काय ऐकू येतं रे तुला?"

"शेजारच्या खोलीत कुणीतरी सांगतंय," तो म्हणाला. "माझ्याबद्दलच. शब्द लागत नाहीत. अगदी लागत आलेत असं वाटतं. एक मिनिट सगळं शांत झालं ना, की लागतील."

"वाईट असतं काही?"

"नाही गं." त्याचे डोळे भरून आले. "फार चांगलं असतं. म्हणून तर."

ताईला रडू फुटलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. कोण आहे हा मेला सांगणारा? तिच्या भावाच्या कानात बसून त्याचा हात कापवणारा?

"बघू दे मला," ती म्हणाली. वाकली, आणि आपला कान त्याच्या कानाला लावला. घट्ट. श्वास रोखून ऐकलं.

रक्ताची घूं घूं. त्याचा श्वास. बाकी काही नाही. तिच्या कानाच्या कडेला बारीकशी गुदगुली झाली, केस असेल.

"काही नाही रे, वेड्या," ती म्हणाली. "काहीसुद्धा नाही."

तेवढ्यात पुढच्या खोलीत जाळी खडखडली. भावाच्या खोलीचं दार उघडंच होतं. जावईबापू पिंजऱ्याच्या या बाजूला येऊन जाळीला चिकटले होते, आणि दोन्ही डोळे पुढे होते.

उशीचा खळगा. दाढेखालचा आवाज. तो जागोजागी वाकणारा पाय. ढेकूण असतील, असं तिने अजून एकदा मनात म्हणून बघितलं, पण ते म्हणेपर्यंत ती उठली होती आणि पिंजऱ्याला हात घातला होता.

७

पिंजरा परत कॉटशी आला. भावाने डोकं पुढे केलं, कान जाळीच्या उघड्या दाराशी. ताई हात जोडून उभी राहायची तेवढी बाकी होती.

जावईबापूंनी एक डोळा कानाकडे वळवला. भाजी नासलीय का बघावं तसा. मग तो फिरवला आणि दारातल्या नाकतोड्यांच्या डब्याकडे लावला.

"आता हे नको?" ताई म्हणाली. "अरे, आता हे नको तुला? कोडग्या! तेव्हा दुसरं काही तोंडाला लावत नव्हतास ना?"

तिनेच लावली होती ही सवय. मोठ्या कौतुकाने, चार डबे वाहून.

तिने डबे उचलले. नाकतोडे गच्चीतून सोडले, अळ्या आणि रेशीमकिडे चिमण्यांपुढे ओतले, झुरळांचं काय केलं ते ती कोणाला सांगणार नाही. सवयीचं बंद, रीत तीच होती. मग दोघं वाट बघत राहिली. सरडा पुन्हा काळा पडला, आणि भाऊ दिवसेंदिवस हरवत गेला. त्याला घास भरवावा लागायचा. तोंडात घास ठेवून तो ऐकत राहायचा. ताई मधल्या वेळात पिंजऱ्यापुढे बसून विनवण्या करायची, शिव्या द्यायची, परत विनवण्या करायची. "खा रे राजा. एकदाच. तुझ्या पाया पडते मी."

आणि मग एका दुपारी खिडकीतून ऊन तिरकं आलं होतं, थेट भावाच्या कानावर. पाळी उन्हात लाल दिसत होती. जावईबापूंचा एक डोळा तिथे आला. ताईने श्वास धरला. दुसरा डोळा फिरत फिरत खिडकीवर गेला, छतावर गेला, आणि शेवटी जड पावलांनी यावं तसा पहिल्याजवळ आला.

चट्ट.

जीभ लगेच परत आली नाही. ती ताणलेली राहिली, सरड्यापासून कानापर्यंत, आणि भावाच्या कानाची कातडी बाहेर ओढली गेली, जणू आतून कुणीतरी धरून ठेवलंय. भाऊ कण्हला. जिभेच्या टोकाशी काही नव्हतं. ताईने नीट बघितलं, काही नव्हतं. फक्त कानाच्या कडेवर, एका ओळीत, बारीक खळगे पडले होते. पाय रोवल्याचे. ते एकेक करून सुटले, आणि मगच कातडी जागेवर गेली.

कुर्रम, कुर्रम.

भावाने डोळे उघडले. खोलीभर बघितलं, मग तिच्याकडे.

"ताई," तो म्हणाला, "भूक लागली गं."

८

भाऊ परत कामाला लागला. रोज कामावरून आला की पिंजऱ्याशी डोकं न्यायचा, ताई आता मध्ये पडत नव्हती. मालकांनी त्याला हात धरून सगळ्यांसमोर मशीनपर्यंत नेलं, आणि लाजेने त्याचे कान लाल झाले, हे त्याने घरी येऊन हसत सांगितलं. ताईसुद्धा हसली. तिला "कान" एवढंच नीट ऐकू आलं होतं.

ते सुरू झालं तेव्हा तिला वाटलं शेजारचे बोलतायत. मशीन थांबवलं की भिंतीपलीकडून गुणगुण यायची. शेजारचे परगावी गेलेत हे आठवायला तिला वेळ लागला. मग तिने आरशात मान वळवून कानामागे बघायचा प्रयत्न केला. दिसेना. बोट फिरवलं तर बारीक खरखर लागली, एका ओळीत.

भाऊ कामावर गेला असताना ती पिंजऱ्याचं दार उघडून कान पुढे करून बसली. जावईबापूंनी डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

मग एका संध्याकाळी भावाचं पिंजऱ्याशी चाललेलं असताना ती त्याच्याशेजारी जाऊन बसली. "जवळून बघू दे मला," म्हणाली, आणि आपलं डोकं त्याच्या डोक्याला टेकलं, कानाशेजारी कान. जुन्यात नवीन मिसळायचं. जुन्याच्या नादात नवीनही जातं. दोन्ही डोळे भावावर लागले. चट्ट. तोंड चाललं. मग एक डोळा ताईच्या कानाकडे वळला, नासलेल्या भाजीवरून फिरावा तसा फिरला, आणि परत गेला.

"नखरे बघ मेल्याचे," ती म्हणाली.

"काय गं?"

"काही नाही. जेवायला चल."

आता एकच उपाय उरला होता. सवयीचं बंद करायचं, एकदम बंद, आणि भूक लागू द्यायची. सवयीचं म्हणजे भावाचं. त्याला नुसतं सांगितलं असतं तरी त्याने डोकं मागे घेतलं असतं. तो तसाच होता, मोठ्या बहिणीसाठी स्वतःचा हात पात्याखाली ठेवणारा. म्हणून ताईने सांगितलं नाही. तिने मशीन जोरात चालवायला सुरुवात केली. मशीन चालू असलं की ती गुणगुण बुडून जायची. जाड पडदे घेतले, सोफ्यांची कव्हरं घेतली, जेवढी मिळेल तेवढी लांब शिवण घेतली. गिऱ्हाइकं म्हणायची, ताई, आजकाल काम फार पटकन होतं तुमचं.

एका दुपारी दोरा तुटला. सुईत तो ओवायला मशीन थांबवावंच लागलं. एवढंसं काम, डोळे मिटूनही होण्यासारखं. तिने दोरा ओवला. पुन्हा पाय ठेवला, मशीन सुरू केलं, पण हळू, अगदी हळू, कारण भिंतीपलीकडचं बोलणं तिच्याबद्दल होतं. तिच्याबद्दल आणि आईबद्दल. आई काहीतरी म्हणाली होती, ती लहान असताना, आणि ते काय होतं ते आता सांगणार होते. किती छान आवाज होता. शब्द लागतच आले होते.

खांद्यावर हात पडला. कुणीतरी हलवत होतं. समोर भावाचा चेहरा, ओठ हलत होते, मग त्याने वाकून मशीनचं बटण बंद केलं. खिडकीतला उजेड गेला होता. तो कामावरून आला होता.

"ताई! ताई, किती हाका मारू?" तो रडत होता. "हात बघ. अगं, हात बघ!"

तिने खाली बघितलं. मलईच्या रंगाचा पडदा केवढा लाल झाला होता. सुई तिच्या बोटाच्या नखातून खाली उतरून कापडात गेली होती, आणि पुढच्या टाक्यांची शिवण त्याच बोटावरून सरळ, नीटस, पेरापर्यंत आली होती. पलीकडच्या खोलीत जावईबापूंचे दोन्ही डोळे भावावर लागले होते.

ताईने दुसरा हात उचलला आणि बोट ओठावर ठेवलं.

"श्श," ती म्हणाली. "एक मिनिट."